बहात्तरचा दुष्काळ आणि बाईचं ताट

सटाण्याकडच्या आपल्या आज्यांना १९७२ साल विचारा. पाऊस फिरला, बाजरी हाती लागली नाही. रेशनवर परदेशातली तांबडी मिलो ज्वारी आली. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांना सुकडी मिळे. घरात हुलग्याचं माडगं, कण्या, पातळ कालवण, उन्हाळ्यात घातलेलं वाळवण यांवर दिवस निघाले.

आज्यांची ही काटकसर आपण शिकावी. पण ती झाली कुणाच्या ताटात? बहुतेक घरांत बाई शेवटी जेवायची. उरलं तर खायची.

त्याच काळात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बाया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. तेल, रॉकेल रास्त भावात द्या म्हणाल्या. म्हणजे काटकसरही केली आणि हक्कही मागितला.

आम्ही गटात ठरवलंय: आठवडे बाजाराआधी डबे उघडून बघायचे, सात दिवसांचा स्वयंपाक ठरवायचा, मगच यादी करायची. तूरडाळ महागली की मठ-हुलगे शिजवायचे. आणि जेवायला सगळ्यांनी एकत्र बसायचं. खर्च कमी करू, बाईचा घास नाही.