डुकरासाठी लावलेल्या फासात बिबट्या का सापडतो? कायदा काय सांगतो आणि शेतकऱ्यापुढे पर्याय काय?

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी डोळखांब आहे. आजोबा डोंगराकडे जाणारे ट्रेकर्स याच गावावरून पुढे जातात. आजूबाजूला भाताची खाचरं, वरकस जमिनीवर नाचणी आणि वरई, आणि शेताचा बांध संपला की लगेच जंगल. भात निसवलं, दाणा भरायला लागला की रानडुकरांचे कळप रात्री शेतात उतरतात. खातात त्यापेक्षा जास्त तुडवतात. वर्षभराचं धान्य डोळ्यांदेखत आडवं होतं.

म्हणून राखण सुरू होते. माळ्यावर रात्र काढणं, डबे वाजवणं, शेकोटी, फटाके. आणि जंगलालगतच्या कित्येक गावांत आणखी एक उपाय गुपचूप केला जातो, तो म्हणजे तारेचा फास. दुचाकीची जुनी क्लच वायर त्यासाठी पुरते.

हा फास म्हणजे नेमकं काय, त्यात कोण सापडतं, कायद्यात तो कुठे बसतो आणि त्याऐवजी काय करता येतं, हे समजून घेऊ.

फास काम कसा करतो?

तारेच्या एका टोकाला सरकती गाठ मारून कडं तयार करतात. दुसरं टोक झाडाला किंवा खुंटाला बांधतात. कुंपणातल्या ज्या फटीतून जनावराची ये-जा असते, तिथे हे कडं लावून ठेवतात. जनावराने त्यात डोकं किंवा पाय घातला आणि पुढे जोर लावला की गाठ आवळते. सुटण्यासाठी जितकी धडपड, तितकी तार मांसात खोल जाते. कोकणात याला फासकी म्हणतात.

खरी अडचण अशी की फासाला ओळख नसते. पिंजऱ्यात नको असलेला प्राणी आला तर दार उघडून सोडता येतो. फासाला मात्र जे जनावर त्या वाटेने येईल ते चालतं. डुकराची उंची धरून लावलेलं कडं बिबट्याच्या कंबरेला बसतं, भेकराच्या गळ्याला बसतं, गावातल्या कुत्र्यालाही बसतं. रानमांजर आणि कोल्हा बहुतेक वेळा उंदीर, ससे शोधत बांधाच्या कडेनेच फिरतात. म्हणजे शेतातले उंदीर कमी करणारे प्राणीच सगळ्यात आधी फासात जातात.

बिबट्या फासातून जिवंत सुटला तरी धोका टळत नाही. कंबरेला तार आवळली की आतल्या अवयवांना इजा होते आणि ती बाहेरून दिसत नाही. शिवाय तासन्‌तास धडपड आणि भीती यामुळे स्नायू आतून निकामी व्हायला लागतात, त्याचा परिणाम मूत्रपिंडावर आणि हृदयावर होतो. त्यामुळे सुटका झालेला प्राणी काही दिवसांनी दगावू शकतो.

कायदा काय म्हणतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या खूप व्यापक आहे. गोळी घालणं किंवा विष देणं एवढ्यापुरती ती नाही. फास लावणं, सापळ्यात पकडणं, हाकारा करणं, आमिष ठेवणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीतच मोडतं. म्हणजे फासात काही सापडलं नाही, तरी तो लावणं हा शिकारीचा प्रयत्न ठरू शकतो. याच कायद्यात ‘हत्यार’ या शब्दात बंदूक, सुरा यांच्याबरोबर जाळी, फास आणि सापळेही येतात. त्यामुळे अभयारण्यात परवानगीशिवाय फास घेऊन जाणं हेच बेकायदा आहे. शहापूर तालुक्यातल्या तानसा अभयारण्यालाही हे लागू होतं.

या कायद्यात २०२२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. बिबट्या, खवल्या मांजर असे प्राणी पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला किमान ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ७ वर्षं कैद, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड आहे. अभयारण्याच्या हद्दीत शिकार झाली तरी हीच शिक्षा. रानडुक्कर, ससा असे प्राणी दुसऱ्या अनुसूचीत येतात. तिथे ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

फास डुकरासाठी लावला आणि त्यात बिबट्या मेला, तर गुन्हा बिबट्याच्या शिकारीचा नोंदवला जातो.

चार गैरसमज, जे नेहमी ऐकू येतात

*‘माझ्या शेतात मी काहीही लावीन.’* कायदा जमीन कोणाची हे बघत नाही. मालकीच्या शेतातला वन्यप्राणीही संरक्षितच असतो.

*‘डुक्कर उपद्रवी आहे, मारलं तर चालतं.’* परस्पर मारलं तर चालत नाही. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्याला मारण्याची परवानगी कायद्यात आहे, पण ती अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाने मिळते. महाराष्ट्रात रानडुकरांसाठी अशा परवानगीची पद्धत आहे. फास मात्र कोणाला पकडेल याची हमी नसल्यामुळे तो या चौकटीत बसत नाही.

*‘आदिवासींना शिकारीचा हक्क आहे.’* शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, त्यामुळे हा मुद्दा इथे वारंवार निघतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने जमीन, गौण वनउपज, चराई, मासेमारी असे अनेक हक्क मान्य केले. पण इतर पारंपरिक हक्क देणाऱ्या त्याच कलमात शिकार आणि सापळा लावण्याचा पारंपरिक हक्क स्पष्ट शब्दांत वगळला आहे. शेतातले साधे उंदीर पकडण्याची गोष्ट वेगळी, त्यांना आधीही संरक्षण नव्हतं. ससा किंवा भेकर पकडणं मात्र गुन्हाच आहे.

*‘मी फक्त मटण विकत घेतलं.’* वन्यप्राण्याचं मांस ज्याच्याकडे सापडतं, त्यालाच ते कायदेशीर असल्याचं सिद्ध करावं लागतं. व्हॉट्सॲप स्टेटसला टाकलेला शिकारीचा फोटो वन विभागाला तपासाची पहिली दिशा देतो, हेही लक्षात ठेवलेलं बरं.

फास लावणारे लोक म्हणजे गुन्हेगार जमात का?

नाही. पण असा शिक्का मात्र खरोखर मारला गेला होता. महाराष्ट्रात फासेपारधी समाजाचं नावच फासावरून आलं आहे. तितर, लावे, ससे, हरणं फासात पकडणं हे त्यांचं पिढीजात कसब. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि पुढे त्याखाली पारध्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. त्यानंतर वीस वर्षांनी, १९७२ च्या कायद्याने शिकारच बंद झाली. एक शिक्का पुसला गेला, पण पोटाचा धंदा गेला आणि त्या जागी दुसरं काही मिळायला फार वेळ लागला.

डोळखांबच्या पट्ट्यात कातकरी, ठाकर, महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. जंगलातलं छोटं सावज हा इथल्या जुन्या आहाराचा भाग होता. आज मात्र फास लावण्यामागे तीन वेगवेगळी कारणं दिसतात: पीक वाचवणं, घरच्यापुरतं मटण आणि विक्रीसाठी शिकार. शेवटचा प्रकार सगळ्यात गंभीर. विदर्भातल्या वाघांच्या शिकारीत बाहेरून आलेल्या टोळ्यांनी लोखंडी जबड्याचे सापळे वापरल्याची प्रकरणं समोर आली. कोल्ह्याच्या नावाने ‘शिंग’ विकण्याचा धंदाही यातलाच. कोल्ह्याला शिंग नसतंच, कातडी आणि केस गुंडाळून ते बनवतात. अंधश्रद्धेपायी त्याला गिऱ्हाईक मिळतं.

बाहेरच्या देशांत काय चालतं?

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या वाळवंटी राज्यांत बॉबकॅट हे रानमांजर आणि कोल्हे त्यांच्या केसाळ कातडीसाठी सापळ्यात पकडले जातात. तिथे अनेक राज्यांत हे कायदेशीर आहे. परवाना लागतो, ठरावीक हंगाम असतो आणि सापळा किती तासांनी तपासायचा याचेही नियम असतात. पण तिथेही चित्र बदलतं आहे. ॲरिझोनाने १९९४ मध्ये सार्वजनिक जमिनीवर असे सापळे बंद केले. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कातडीसाठी सापळे लावण्यावरच बंदी घातली. युरोपीय संघात पाय पकडणाऱ्या जबडा सापळ्यांना १९९५ पासून बंदी आहे. तिथे वाद होता कातडीच्या फॅशनचा. आपल्याकडे प्रश्न पिकाचा आणि पोटाचा आहे, म्हणून नुसत्या बंदीने तो सुटत नाही.

मग पिंजरा लावून बिबट्या दुसरीकडे सोडला तर?

गावात बिबट्या दिसला की पहिली मागणी हीच असते. वन विभाग परवानगी घेऊन पिंजरा लावूही शकतो. पण पकडून दूर सोडलेला बिबट्या तिथेच राहतो, असं नाही. याचं प्रसिद्ध उदाहरण डोळखांबच्या शेजारच्या पट्ट्यातलंच आहे. २००९ मध्ये नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वर इथे विहिरीत पडलेला एक बिबट्या माळशेज घाटात सोडण्यात आला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या प्रकल्पात त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा बसवला होता. साधारण १२० किलोमीटर चालून तो महिन्याच्या आत मुंबईच्या वेशीवरच्या जंगलात पोचला. वयस्कर दिसतो म्हणून त्याचं नाव ठेवलं होतं ‘आजोबा’. इथल्या डोंगराशी त्या नावाचा संबंध नाही. डिसेंबर २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेत तो मेला. २०१४ चा ‘आजोबा’ हा मराठी चित्रपट याच घटनेवर आधारलेला आहे.

जुन्नर भागात अनेक बिबटे पकडून दुसरीकडे सोडल्यानंतर माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढले, असंही अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसून आलं. २०११ मध्ये केंद्र सरकारने मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात पिंजरा हा पहिला नव्हे तर शेवटचा उपाय मानला आहे.

शेतकऱ्याने करायचं काय?

नुकसान झालं तर तीन दिवसांच्या आत वन विभागाकडे अर्ज करायचा आणि पंचनामा करून घ्यायचा. पिकाचे फोटो काढून ठेवायचे. भरपाईसाठी जमिनीचे कागद लागतात. ज्यांचा वनहक्काचा दावा अजून अडकला आहे, त्यांची गाडी इथेच थांबते. फासाचा प्रश्न मिटवायचा तर हे दावे निकाली काढणंही तितकंच गरजेचं आहे.

सौर कुंपण हा दुसरा मार्ग. त्यात क्षणभराचा झटका बसतो, जनावर मागे फिरतं, मरत नाही. जन-वन विकास योजनेसारख्या सरकारी योजनांतून त्यासाठी अनुदान मिळतं, आपलं गाव त्यात बसतं का हे वनरक्षकाकडे विचारता येतं. कुंपणात घरातली वीज थेट सोडणं मात्र जीवघेणं आहे. त्यात शेजारचा शेतकरी, गुराखी, घरचं पोर, कोणीही जाऊ शकतं.

तिसरा मार्ग एकत्र राखणीचा. एकाच शेताला कुंपण घातलं तर डुकरं शेजारच्या शेतात घुसतात. चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून पाळीने राखण केली, तर प्रत्येकाच्या वाट्याला जागरण कमी येतं.

फासात अडकलेला प्राणी दिसला तर?

- जवळ जाऊ नका आणि तार कापायचा प्रयत्न करू नका. तार तुटली तर घाबरलेला बिबट्या समोर दिसेल त्याच्यावर झेप घेतो.
- वन विभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर किंवा वनरक्षकाला लगेच कळवा.
- गर्दी हटवा, आवाज बंद ठेवा. माणसं पाहून प्राणी जास्त धडपडतो आणि तार आणखी आवळते. भूल देण्यासाठी पथकाला शांतताच लागते.
- व्हिडिओ लाईव्ह करू नका. अर्ध्या तासात चार गावं गोळा होतात.
- रिकामा फास दिसला तर ठिकाणाचा फोटो काढून वन विभागाला कळवा. एक फास सापडला तर त्याच वाटेवर आणखी असण्याची शक्यता असते.

भाताची कापणी होते, राखण संपते, माळा मोडला जातो. बांधावर लावलेला फास मात्र कोणी काढला नाही तर तसाच राहतो. पीक घरात आल्यावरही त्या वाटेने जे जनावर जाईल, ते त्यात अडकतंच. म्हणून हंगाम संपल्यावर गावाने एकदा कुंपणं फिरून पाहणं आणि दिसेल ती तार वन विभागाच्या हवाली करणं, एवढं तरी लगेच करता येण्यासारखं आहे.