आठ तारांचं कूळ

इंटरनेटच्या केबलला प्लग लावणारा कुठलाही कारागीर रंगांचा क्रम तोंडपाठ म्हणतो: व्हाइट ऑरेंज, ऑरेंज, व्हाइट ग्रीन, ब्लू, व्हाइट ब्लू, ग्रीन, व्हाइट ब्राउन, ब्राउन. नीट ऐकलं तर एक गोष्ट खटकते. केशरी, निळी आणि तपकिरी या जोड्यांच्या तारा शेजारीशेजारी आहेत, पण हिरव्या जोडीच्या दोन तारांमध्ये निळी जोडी ठाण मांडून बसली आहे. कोऱ्या कागदावर मांडणी करायची असती तर कुणी अशी जोडी फाकवली नसती. हा क्रम वारशाने आला आहे आणि वारसा टेलिफोनचा आहे.

सुरुवातीचे टेलिफोन एकाच तारेवर चालत; विजेला परतीची वाट जमिनीतून असे. शेजारून तारायंत्राची लाइन गेली की तिची खडखड कानात येई, पुढे विजेच्या ट्राम आल्यावर तर बोलणं ऐकू येणं मुश्कील झालं. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्ये यावरच्या उपायाचं पेटंट घेतलं: परतीलाही तारच वापरायची आणि दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळायच्या. पिळामुळे बाहेरच्या गोंगाटाजवळ कधी ही तार येते, कधी ती. दोघींवर सारखाच गोंगाट चढतो, आणि पलीकडचं यंत्र दोघींतला फरक तेवढा वाचत असल्याने तो आपोआप वजा होतो. आजच्या केबलमध्येही हेच तत्त्व आहे. केबल सोलून पाहिली तर चारही जोड्यांचा पीळ वेगवेगळा दिसतो, कुठे घट्ट, कुठे सैल. पीळ सारखा असता तर शेजारच्या जोडीचं बोलणं या जोडीत उतरलं असतं. म्हणूनच जाणकार माणूस प्लग किंवा सॉकेट लावताना पीळ जेमतेम अर्धा इंच उसवतो.

अमेरिकेत पुढची शंभर वर्षं ही तार टेलिफोन कंपनीच्या मालकीची होती. खांबावरची होतीच, इमारतीच्या भिंतीतलीही होती. घरमालकाने तिला हात लावायचा नाही. कार्टरफोन या बाहेरच्या यंत्राच्या प्रकरणातल्या १९६८ च्या निकालाने दुसऱ्यांची यंत्रं टेलिफोनच्या जाळ्याला जोडायला मुभा मिळाली. मग ती जोडायची कशाने, हेही ठरवावं लागलं, आणि सत्तरच्या दशकात प्लग-सॉकेटची सरकारी नोंदणी झाली. त्या प्लगमध्ये पहिली लाइन मधोमध आणि दुसरी लाइन तिच्या दोन्ही बाजूंना असे. आठ घरांच्या सॉकेटमध्ये टेलिफोनचा अरुंद प्लग घातला की मधली दोन घरं त्याला बरोबर मिळतात. संगणकाचं जाळं याच तारांवर आणायची वेळ आली तेव्हा मधली घरं टेलिफोनला सोडली गेली. डेटाला मिळाली पहिली-दुसरी आणि तिसरी-सहावी. हिरवी जोडी फाकली ती निळीला वाट देण्यासाठी.

१ जानेवारी १९८४ रोजी बेल या टेलिफोन कंपन्यांचं साम्राज्य न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीने तुटलं, आणि इमारतीतल्या तारेला वाली उरला नाही. माझ्या मते या कुळकथेतली ही सर्वांत मोठी घटना. तोवर वास्तुविशारदाला काही विचारायचं असलं की टेलिफोन कंपनीचा सल्लागार येई आणि नळ्या कुठून न्यायच्या ते सांगे. अशा सल्लागारांची बिक्सी ही संघटना सत्तरच्या दशकातच उभी राहिली होती. आता त्यांच्या ज्ञानाला स्वतंत्र गिऱ्हाईक मिळालं. इमारतीच्या दूरसंचार आणि कमी विद्युतदाबाच्या तारांचा आराखडा करून देणारा व्यवसाय इथून सुरू झाला.

त्याच काळात संगणकवाल्यांनी गोंधळ वाढवला होता. प्रत्येक कंपनीची केबल निराळी. सुरुवातीच्या इथरनेट जाळ्याची जाड कोअॅक्सियल केबल बोटाएवढी, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सलग धावणारी. पुढे पातळ केबल आली, पण तिचा एक जोड ढिला झाला की त्या लाइनवरची सगळी टेबलं बंद पडत. टेलिफोनची पद्धत निराळी होती: प्रत्येक टेबलापासून स्वतंत्र जोडी निघून मजल्यावरच्या खोलीत यायची. बिघाड झाला तर एकाच टेबलाचा. १९९० मध्ये १०बेस-टी इथरनेटने हीच रचना स्वीकारली, आणि १९९१ मध्ये अमेरिकेत ५६८ क्रमांकाचं मानक निघालं. खोलीपासून टेबलाजवळच्या सॉकेटपर्यंत ९० मीटर, दोन्ही टोकांच्या सुट्या केबलींना १० मीटर, एकूण १००. केबल कुठल्याही कंपनीची असो, नियम एकच.

त्याआधी, १९९० मध्ये, ५६९ क्रमांकाचं मानक आलं होतं. त्याची चर्चा कमी होते, पण मला ते जास्त मोलाचं वाटतं, कारण ते जागेबद्दल बोलतं: तारांच्या वाटा, उभ्या शाफ्ट, आणि मजल्यामजल्यावरची दूरसंचार खोली. साधारण १००० चौरस मीटर वापरक्षेत्राला सुमारे ३ मीटर बाय ३.४ मीटरची खोली. केबल दहा-पंधरा वर्षांनी बदलता येते. स्लॅब ओतून झाल्यावर खोली काढता येत नाही.

तरीही निविदांच्या कागदांत या कामाला स्वतःचं घर नव्हतं. उत्तर अमेरिकेत बांधकामाच्या तपशिलांची मांडणी ज्या मास्टरफॉरमॅटने होते, त्यात सोळा विभाग होते आणि टेलिफोन-डेटाच्या तारा सोळाव्या, विजेच्या विभागात कोंबलेल्या असत. मग काम मिळे वीज कंत्राटदाराला आणि पिळाची काळजी कुणालाच नसे. बरेच जण अनधिकृतपणे सतरावा विभाग लिहू लागले. २००४ च्या आवृत्तीत दूरसंचाराला सत्ताविसावा आणि इलेक्ट्रॉनिक सुरक्षेला अठ्ठाविसावा विभाग मिळाला.

मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ पासून आहे, पण इमारतीच्या आतल्या तारेची शिस्त आपल्याकडे फार उशिरा आली. जुन्या सोसायट्यांत जिन्याखाली टेलिफोनच्या जोडण्यांचा, म्हणजे डीपीचा, डबा असतो, त्याच्या वर टीव्हीच्या केबली, त्यावर प्रत्येक इंटरनेटवाल्याने बाहेरून लटकवलेली आपापली तार. दोष त्या कारागिरांचा नाही. नकाशात त्यांच्यासाठी वाटच ठेवलेली नव्हती. राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत मात्र माहिती-दूरसंचाराच्या सोयींसाठी आठव्या भागात स्वतंत्र प्रकरण आहे.

आता याच आठ तारांवरून वीजही जाते. २००३ च्या मानकात एका केबलला १५.४ वॉट मिळत, २०१८ पासून ९० वॉटपर्यंत. कॅमेरा, वायफाय, दाराचं कुलूप, दिवेसुद्धा त्यावर चालतात. जाड जुडग्यातल्या मधल्या केबली त्यामुळे तापतात आणि जुडगं केवढं बांधायचं हेही आराखड्यात लिहावं लागतं. पुण्या-मुंबईत पुनर्विकासाच्या बैठकांमध्ये सभासद चटईक्षेत्र आणि पार्किंग बारकाईने विचारतात. तिथेच विकासकाला हेही विचारावं, नकाशा मंजुरीला जाण्याआधी: कमी दाबाच्या तारांची शाफ्ट विजेच्या शाफ्टपासून वेगळी आहे का, मजल्यावर खोली कुठे आहे, आणि तिथून शेवटच्या फ्लॅटच्या शेवटच्या खोलीपर्यंत केबल ९० मीटरच्या आत बसते का.