श्रमछावणीचा प्रवास : व्हर्दून ते सोमनाथ

यवतमाळहून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आर्णी लागते. गावालगत अरुणावती नदी वाहते. ‘वाहते’ हे क्रियापद अर्थात पावसाळ्यापुरते. मे महिन्यात पात्रात वाळू असते आणि वाळूवर ऊन. विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात, याचे कारण ज्याला पाठ्यपुस्तकाबाहेर शिकायचे असेल त्याने या दिवसांत आर्णीला एक दुपार काढावी. काही वर्षांपूर्वी आम्ही, म्हणजे प्रयोगशाळेत संशोधन करणारे चौघे, याच महिन्यात तेथील एका शाळेत आठवी-नववीच्या साठ मुलांसाठी सात दिवसांचे विज्ञान शिबिर भरवले होते.

प्रयोगांची तयारी आम्ही कसून केली होती. भिंगे, चुंबके, लिटमस कागद, सगळे मोजून बांधून नेले. माणसांची विभागणी मात्र आम्ही एका कागदावर पाच मिनिटांत उरकली. आमच्या चार नावांपुढे ‘तज्ज्ञ’ असे लिहिले आणि स्थानिक सहा शिक्षकांच्या नावांपुढे ‘व्यवस्था’. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांतले दोघे आलेच नाहीत. दहा वाजता पाण्याची टाकी कोरडी पडली, आणि टँकर कोणाला सांगायचा हे आम्हा तज्ज्ञांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. संध्याकाळी आम्ही बैठक बोलावली व बैठकीत आम्हीच बोललो. उठताना एक बाई शांतपणे म्हणाल्या, “सर, आमच्या पोरायले तुम्ही शिकवता अन् आम्ही सतरंज्या उचलतो. हे असंच चालनार असंल तर उद्यापासून आमचंही काही सांगता येत नाही.”

त्या रात्री शाळेच्या गच्चीवर झोप कोणालाच लागली नाही. आमच्यातील एक जण महाविद्यालयात असताना चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला गेलेला होता. तेथील ‘व्यवस्था’ कशी असे हे तो सांगू लागला, आणि त्यातून पुढे काही महिने आम्ही या छावण्यांचा इतिहास जमवत बसलो. तो मराठी शिक्षकांनी वाचावा असा आहे, म्हणून हा लेख.

या कहाणीची सुरुवात फ्रान्समधल्या व्हर्दूनजवळच्या एस्न या खेड्यात होते. पहिल्या महायुद्धात तोफांनी तो सारा मुलूख नांगरून टाकला होता. १९२०च्या हिवाळ्यात पिएर सेरेझोल हा स्विस अभियंता मूठभर सहकाऱ्यांसह तेथे गेला आणि पडलेली घरे उभारण्याचे, शेते साफ करण्याचे काम सुरू केले. सेरेझोल मोठ्या घरचा. त्याचे वडील १८७३ साली स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष होते. पण लष्करी कर भरायला नकार देऊन त्याने तुरुंगवास पत्करला होता. त्याच्या चमूत जर्मनही होते, हे विशेष. ज्या गावाची राखरांगोळी जर्मन तोफांनी केली, तेथेच जर्मन तरुण फावडे घेऊन आला होता. गावातल्या काहींना हे रुचले, पुष्कळांना रुचले नाही, आणि स्थानिक अधिकाऱ्यांच्या दबावामुळे सुमारे पाच महिन्यांत काम आवरते घ्यावे लागले. या अयशस्वी म्हणाव्या अशा प्रयोगातून ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संस्था निघाली.

पिएरला कल्पना सुचत, माणसे त्याच्या शब्दावर येत. पण साठ माणसांचे जेवण, अंथरूण आणि अवजारे यांचा मेळ घालणे हा वेगळा गुण आहे. तो गुण त्याचा भाऊ एर्नेस्त याच्याकडे होता. एर्नेस्त होता स्विस सैन्यात कर्नल! एक भाऊ सैन्याला पैसा देणार नाही म्हणून तुरुंगात जातो आणि दुसरा कर्नल त्याच्या शांतिछावण्यांची घडी बसवतो, हे वाचून आम्हाला हसू आले. पण विचार करता दोघेही आवश्यक होते असेच वाटते. १९२७ साली ऱ्हाइन नदीचा बांध फुटून लिख्टेनश्टाइन या चिमुकल्या देशातील शेते गाळाने आणि दगडगोट्यांनी भरली. १९२८ साली वेगवेगळ्या देशांतले सुमारे ७०० स्वयंसेवक आळीपाळीने तेथे राबले. एवढ्या लोकांना रोज सकाळी कोणते फावडे कोठे न्यायचे हे सांगायचे, तर ते काम नुसत्या भाषणाने होत नाही.

या छावणीचे बीज भारतात आले ते भूकंपाच्या निमित्ताने. डिसेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजी स्वित्झर्लंडमध्ये रोमाँ रोलाँ यांच्याकडे थांबले होते. त्या मुक्कामात सेरेझोलची त्यांच्याशी भेट झाली. पुढे १५ जानेवारी १९३४ रोजी दुपारी बिहार-नेपाळचा भयंकर भूकंप झाला. विज्ञानशिक्षकांनी या भूकंपाचा अभ्यास अवश्य करावा, कारण उत्तर बिहारच्या मोठ्या पट्ट्यात जमीन नुसती हादरली नाही, तर पातळ झाली. पाण्याने भरलेली सैल वाळू जोराने हलली की कणांची एकमेकांवरची पकड सुटते, भार पाण्यावर येतो आणि ती वाळू द्रवासारखी वागू लागते. भेगांतून वाळू व पाणी उसळून शेतांवर पसरले, विहिरी वाळूने भरल्या, घरे कलली व खचली. (पसरट भांड्यात ओली वाळू घेऊन तिच्यावर वीट उभी ठेवा आणि भांड्याला बाजूने ठोके द्या, वीट कलताना मुले स्वतः पाहतील.) शिवाय जमिनीची पातळी बदलल्याने पुराचे पाणी नव्या वाटा शोधू लागले. तेव्हा पडलेले घर त्याच जागी बांधून उपयोग नव्हता. गावच उंचवट्यावर हलवायला हवे होते.

सेरेझोल १९३४ साली भारतात आला, राजेंद्रप्रसादांच्या मदतकार्याशी त्याने संधान बांधले आणि मुझफ्फरपूर जिल्ह्यात पुढची दोन-तीन वर्षे त्याने व त्याच्या सोबत्यांनी हेच काम केले. युरोपातून आलेले स्वयंसेवक बोटांवर मोजण्याइतके. बहुतेक हात गावकऱ्यांचेच. एस्नला जो मनुष्य इतरांबरोबरीने खणत होता, त्याच्या वाट्याला येथे देखरेख आली. गोरा साहेब उभा आणि काळा मजूर वाकलेला, हे चित्र तर या देशाला नवे नव्हतेच. ते मोडण्याचा एकच उपाय होता, तो म्हणजे साहेबाने स्वतः वाकणे.

आता आपल्या विदर्भाकडे येऊ. बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन वसवले, तेव्हा हाताशी ६ कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि १४ रुपये होते, हे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही माहीत असते. १९५४ साली सर्व्हिस सिव्हिलचे निरनिराळ्या देशांतले तरुण आनंदवनात येऊन राहिले आणि त्यांनी रुग्णांच्या बरोबरीने रुग्णालयाच्या इमारती बांधल्या. त्या काळी या वस्तीत पिकलेला भाजीपाला घ्यायला वरोऱ्याचे लोक धजत नसत. वास्तविक कुष्ठरोगाचा जंतू हान्सेनने १८७३ मध्येच शोधला होता, १९४०च्या दशकात सल्फोन औषधे आली होती, आणि बहुसंख्य माणसांना या जंतूविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते. पण भीती निबंध वाचून जात नाही. परदेशी तरुण तीच भाजी खातात, तेथेच झोपतात व धडधाकट राहतात, हे शेजाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले, तेव्हा कोठे ती ओसरू लागली. आम्ही शास्त्रज्ञ ज्याला प्रात्यक्षिक म्हणतो ते याहून वेगळे काय असते?

१९६७च्या सुमारास मूल तालुक्यात सोमनाथचा प्रकल्प उभा राहू लागला. रोगमुक्त झालेल्या, पण घरी परत घेतल्या न गेलेल्या माणसांनी तेथे जंगलातील जमीन लागवडीला आणली. तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणीही तेथे सुरू झाली आणि दर मे महिन्यात ती भरत आली. पहाटे उठणे, उन्हाआधी श्रम, दुपारी व्याख्याने व चर्चा, रात्री गाणी, असा तिचा दिनक्रम. पाठीच्या आजारामुळे बाबांना पुढे बसता येईनासे झाले. ते उभे राहत नाही तर आडवे होत, आणि तशाच स्थितीत तरुणांशी बोलत. त्यांच्या वाणीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हाला येथे दुसऱ्याच गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे.

आमचा सोबती सांगत होता तो प्रसंग असा. पहिल्या सकाळी त्याच्या गटाला बांधाचे काम मिळाले. कुदळ कशी धरायची, घमेल्यांची साखळी किती अंतरावर लावायची, हे दाखवणारा शेतकरी स्वतः रोगमुक्त होता. त्याची काही बोटे झडलेली होती. तो दर अर्ध्या तासाने सर्वांना थांबवी आणि म्हणे, “हात पाहा.” मुलांना याचे नवल वाटे. खरे कारण असे की, कुष्ठरोगात नसांना इजा झाली की तळहाताची संवेदना जाते. फोड आला, चटका बसला तरी कळत नाही; जखम चिघळते आणि बोटे जातात ती प्रामुख्याने अशी. म्हणून रोज हातपाय डोळ्यांनी तपासणे हा त्याच्या जगण्याचाच नियम होता. तोच नियम तो शहरातल्या कोवळ्या तळव्यांना लावत होता. पदवीच्या वर्गातली मुले त्याला ‘सर’ म्हणत नव्हती. पण त्याने थांबा म्हटले की थांबत.

वेळेची बाबही लक्षात घ्यावी. हवेचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्वचेची उष्णता नुसती हवेला देता येत नाही; घामाचे बाष्पीभवन हा एकच मार्ग उरतो. जोराने खणणाऱ्या माणसाच्या शरीरात दर सेकंदाला ४०० ते ४५० ज्यूल उष्णता निर्माण होते. एक लिटर घाम वाळताना सुमारे २४ लाख ज्यूल घेऊन जातो. म्हणजे तासाला ६०० ते ७०० मिलिलिटर घाम केवळ या उष्णतेपोटी हवा. उन्हाचा ताप वेगळाच. शरीराला या कामाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात आणि आपली उन्हाळी शिबिरे तर आठवड्यातच संपतात! तेव्हा विदर्भात मे महिन्यात शिबिरार्थींना पहाटे कामाला लावणे आणि पहिल्या दोन दिवशी थोडकेच काम देणे, हा शिस्तीचा बडेजाव नसून साधे शरीरविज्ञान आहे. ज्याने स्वतः खणलेले असते त्याला हे आकडेमोडीवाचून समजते. आम्हाला आकडेमोड करावी लागली.

आर्णीला आम्ही पुढल्या वर्षी पुन्हा गेलो. या वेळी कागद सहा शिक्षकांबरोबर बसून केला आणि त्याला पाच मिनिटांऐवजी पूर्ण दोन दिवस लागले. सतरंज्या, पाणी आणि वाढप यांच्या पाळीत दहाही नावे आली. पहाटेचे पहिले सत्र भूगोलाच्या सरांकडे दिले, कारण लहानपणापासून त्यांनी अरुणावतीत झिरे खणलेले होते. झिरा म्हणजे कोरड्या पात्रातल्या वाळूत पाण्यासाठी केलेला खड्डा. कोठे खणायचे हे आम्ही पात्राच्या वळणावरून ठरवू पाहत होतो; सर मात्र काठावरची झाडे पाहत दुसरीकडेच चालू लागले. त्यांच्या जागी कमरेइतक्या खोलीवर पाणी लागले. आमच्या जागी तेवढे खणूनही ओल तेवढी दिसली. मुलांना हा निकाल फारच आवडला. मग वाळू पाणी कसे गाळते, गढूळ पाणी निवळते पण जंतू सगळे जात नाहीत म्हणजे काय, हा पाठ तेथेच पात्रात झाला आणि तो बाईंनी घेतला. आम्ही घमेली वाहिली. चहाआधी सर्वांनी हात पुढे करायचे असा नियम होता. त्या पहिल्या सकाळी फोड निघाले ते आम्हा चौघांपैकी तिघांच्या हातांवर.

आदल्या वर्षी निघून गेलेल्या दोन शिक्षकांपैकी एक परत आले. दुसरे आले नाहीत. आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी चहा दिला, पावसाची चौकशी केली, आणि शिबिराचा विषय काढू दिला नाही.