त्सुमागो

त्सुमागो : जपानच्या नागानो प्रांतात किसो खोऱ्यात वसलेले जुने वाटमुक्कामाचे गाव. एदो (आजचे तोक्यो) आणि क्योतो यांना डोंगरांतून जोडणाऱ्या नाकासेन्दो मार्गावर ६९ मुक्काम होते. एदोकडून मोजल्यास त्सुमागो ४२वा. विसाव्या शतकाच्या प्रारंभी खोऱ्यात रेल्वे आली, पण ती गावाला वळसा घालून गेली. वाटसरू संपले, पुढे तरुणही शहरांकडे गेले. जुनी घरे टिकली ती कौतुकामुळे नव्हे. ती पाडून नवी बांधण्याइतका पैसाच गावात नव्हता.

१९६८ मध्ये मेजी कालखंडाच्या शताब्दीनिमित्त प्रांतिक शासनाने घरांच्या जीर्णोद्धाराला हात घातला. त्याच वर्षी गावकऱ्यांनी ‘त्सुमागोवर प्रेम करणाऱ्यांची सभा’ स्थापन केली. १९७१ मध्ये त्यांनी स्वतःवर तीन बंधने घालून घेतली : घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही. पर्यटक येऊ लागले की पाठोपाठ बाहेरचे भांडवल येणार, ही भीती त्यामागे होती. तिन्हींत ‘भाड्याने नाही’ हे सर्वांत जाचक म्हणावे लागेल. गाव सोडलेल्याला रिकाम्या घरातून चार पैसे मिळण्याची वाटही त्याने बंद होते. पण दुकानदाराने दुकानाच्या मागेच राहावे, हे त्यानेच साधले. मुख्य रस्त्यावर दिवसा मोटारींना बंदी आहे आणि विजेच्या तारा नजरेआड नेल्या आहेत.

सांस्कृतिक संपत्तीविषयक कायद्यात १९७५ साली दुरुस्ती होऊन संपूर्ण वस्तीला संरक्षण देण्याची सोय झाली. १९७६ मध्ये निवडलेल्या पहिल्या सात वस्त्यांत त्सुमागो होते. म्हणजे कायदा आला तेव्हा गावाचा करार चार वर्षांचा झाला होता. संरक्षित क्षेत्र सुमारे १,२४५ हेक्टर आहे, कारण भोवतालचे डोंगरही त्यात धरले आहेत.

दुय्यम सरदारी उताऱ्याचा वाडा (वाकि-होंजिन) १८७७ मध्ये हिनोकी लाकडात उभा राहिला. एदो काळात हे झाड तोडणाऱ्याचे शिर जाण्याची धास्ती असे. ती बंदी उठल्याची ऐट या वाड्यात दिसते. मुख्य उतारा (होंजिन) हे कादंबरीकार शिमाझाकी तोसोन यांच्या आईचे माहेर. तो मेजी काळात नाहीसा झाला; आजची इमारत १९९५ मध्ये जुन्या आराखड्यावरून नव्याने बांधलेली आहे.