पत्रांचे स्थलांतर

नवा संगणक घेतला की फोटो आणि कागदपत्रे पेन ड्राइव्हवरून तासाभरात इकडून तिकडे जातात. ईमेल, पत्त्यांची यादी आणि सेटिंग मात्र मागे अडकतात. त्या फायली जुन्या संगणकात नेमक्या कुठे आहेत हेच सापडत नाही, आणि सापडल्या तरी नव्या प्रोग्रामला त्या उघडता येत नाहीत. याचे खापर सहसा वापरणाऱ्याच्या अज्ञानावर किंवा स्थलांतराच्या अपुऱ्या सोयींवर फोडले जाते. सोयी तर पुष्कळ झाल्या. विंडोज एक्सपीने २००१मध्ये फायली आणि सेटिंग हलवण्यासाठी खास विझार्ड दिला, अ‍ॅपलने २००४मध्ये मायग्रेशन असिस्टंट आणला, विंडोज व्हिस्टात ‘ईझी ट्रान्सफर’ आले आणि विंडोज १०मध्ये ते काढूनही टाकले गेले. अडचण तरीही राहिली, कारण पत्रे हलतात की नाही हे मुळात साधनावर ठरतच नाही. ती कोणत्या रूपात साठवली आणि ते रूप वाचण्याची रीत किती जणांना ठाऊक होती, यावर ते ठरते.

रे टॉमलिन्सनने १९७१मध्ये दोन संगणकांमध्ये पहिला ईमेल पाठवला, तेव्हा टपालपेटी म्हणजे एक साधी मजकुराची फाइल होती आणि नवे पत्र तिच्या शेवटी जोडले जाई. युनिक्सवर याच कल्पनेतून ‘एमबॉक्स’ ही पद्धत रुळली: सगळी पत्रे एकाखाली एक, आणि ‘फ्रॉम’ या शब्दाने सुरू होणारी ओळ दिसली की नवे पत्र सुरू. पत्राच्या मजकुरातच एखादी ओळ त्या शब्दाने सुरू झाली तर गोंधळ नको, म्हणून तिच्याआधी एक बाणाचे चिन्ह टाकायचे. पद्धत ओबडधोबड होती, पण तिच्यात लपवलेले काही नव्हते. पत्राच्या मथळ्याची रचना १९८२च्या आरएफसी ८२२ या दस्तऐवजात सर्वांसाठी लिहून ठेवलेली होती. इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नरने १९८८मध्ये लिहिलेल्या युडोरा या प्रोग्रामनेही पत्रे जवळपास याच साध्या रूपात ठेवली. युडोराचा मूळ विकास २००६मध्ये थांबला. तिच्यातली पत्रे आजही कोणत्याही मजकूर-संपादकात उघडून वाचता येतात. प्रोग्राम गेला तरी पत्रे राहिली, ती या साधेपणामुळे.

मायक्रोसॉफ्टचे आउटलुक १९९७मध्ये आले आणि चित्र बदलले. पत्रे, पत्ते, दिनदर्शिका, कामांची यादी असे सगळे ‘पीएसटी’ नावाच्या एकाच फाइलमध्ये जाऊ लागले आणि त्या फाइलची आतली रचना कंपनीलाच ठाऊक होती. त्या काळच्या पीएसटीला दोन जीबीची मर्यादा होती. ती ओलांडली की फाइल उघडेनाशी होई, आणि ती पुन्हा उघडण्यासाठी कंपनीने दिलेले साधन फाइलचा काही भाग कापूनच टाकत असे. दुसऱ्या प्रोग्राममध्ये जायचे तर बहुधा आउटलुक त्याच संगणकावर असावे लागे. म्हणजे घर सोडण्यासाठी जुन्या घरमालकाचीच किल्ली लागे. या रचनेचे तपशील कंपनीने प्रसिद्ध केले २०१०मध्ये, तेरा वर्षांनी. आउटलुकच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे, तो मान्य केला पाहिजे. मोठी एमबॉक्स फाइल संथ चालते, मधले एक पत्र काढायला सगळी फाइल नव्याने लिहावी लागते, आणि पत्र व दिनदर्शिका यांची सांगड तिच्यात घालताच येत नाही. वेगासाठी वेगळी रचना लागतेच. पण ती गुप्त का असावी, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. रचना प्रसिद्ध झाल्यावर आउटलुकचा वेग काही कमी झाला नाही.

पत्त्यांची गोष्ट थोडी बरी निघाली. अ‍ॅपल, एटी अँड टी, आयबीएम आणि सीमेन्स यांनी मिळून नव्वदच्या दशकाच्या मध्याला ‘व्हीकार्ड’ हे सामाईक रूप तयार केले आणि ते टिकले. मराठी नावांची मात्र त्यात दैना झाली. जुन्या २.१ आवृत्तीत इंग्रजीखेरीजची अक्षरे बरोबरच्या चिन्हांनी जोडलेल्या सांकेतिक माळांमध्ये लिहिली जात. देवनागरीतल्या एकेका अक्षरचिन्हाला अशी नऊ चिन्हे लागत. वाचणाऱ्या प्रोग्रामला हा संकेत कळला नाही की ‘सुलभाताई’ अशा नावाच्या जागी अगम्य अक्षरांची रांग उभी राही. सेटिंगसाठीही १९९७मध्ये ‘एसीएपी’ नावाचा प्रमाण संकेत लिहिला गेला: माणूस कोणत्याही संगणकावर बसला तरी त्याची मांडणी तिथे हजर व्हावी, हा हेतू. कल्पना उत्तम होती, पण मोठ्या प्रोग्रामांनी ती उचलली नाही आणि सेटिंग हाताने पुन्हा भरणे आपल्या नशिबी आले.

मराठी पत्रांपुढे आणखी एक भिंत होती. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव, सी-डॅकचे फॉण्ट यांची संकेतव्यवस्था आपापली वेगळी. एकच संकेत एका फॉण्टमध्ये ‘क’ तर दुसऱ्यात वेलांटी. फाइल नव्या संगणकावर सुखरूप पोचे, पण तो फॉण्ट नसेल तर मजकूर गेल्यातच जमा. आयएससीआयआय हे भारतीय मानक १९९१मध्ये ठरले होते, युनिकोडमध्येही देवनागरी त्याच वर्षी आली. पण विंडोजमध्ये युनिकोड देवनागरी यायला विंडोज २००० उजाडावे लागले. सामान्य माणसाच्या जुन्या ईमेलची एवढी काळजी कशाला, असे कोणी विचारील. त्याला उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासलेखनातच आहे. वि. का. राजवाड्यांनी १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड काढले, ते गावोगावच्या घरांत पडून राहिलेल्या कागदांच्या जोरावर. हिशेब, तक्रारी, ख्यालीखुशाली, देणीघेणी असे ते कागद लिहिणाऱ्यांनी इतिहास म्हणून लिहिले नव्हते. ते उपयोगी पडले, कारण ज्या मोडी लिपीत ते लिहिलेले होते ती कोणा एकाची मालमत्ता नव्हती. शिकणाऱ्याला ती शिकता येत होती आणि आजही शिकता येते.

आता कोणी म्हणेल, हा सगळा इतिहास शिळा झाला. पूर्वीच्या ‘पॉप’ या पद्धतीत पत्रे सर्व्हरवरून उतरवून घ्यायची आणि तिथून पुसायची, कारण सर्व्हरवर जागा थोडी. म्हणून एकमेव प्रत घरच्या संगणकात राहायची. मार्क क्रिस्पिनने १९८६मध्ये स्टॅनफर्डला आयमॅपची आखणी केली, त्यात पत्रे सर्व्हरवरच राहतात. पुढे १९९६मध्ये हॉटमेल आणि २००४मध्ये एक जीबी जागेसह जीमेल आले. आज नव्या संगणकावर पासवर्ड टाकला की सगळे समोर येते. हे खरे आहे आणि ही सुधारणा मोठी आहे. पण त्यामुळे प्रश्न सुटला नाही, त्याची जागा बदलली. पूर्वी एका यंत्रातून दुसऱ्यात जायचे होते, आता एका कंपनीकडून दुसरीकडे. गूगलने २०११मध्ये ‘टेकआउट’ ही सोय सुरू केली आणि पुढे तिच्यात ईमेलही आणले. ती पत्रे बाहेर पडतात कोणत्या रूपात, तर त्याच जुन्या एमबॉक्समध्ये. पत्रे अशी निघतात, पत्ता मात्र निघत नाही. बँक, विमा, आयकर सगळीकडे तो नोंदलेला असतो आणि त्याचा उत्तरार्ध कंपनीच्या मालकीचा असतो. मोबाइल क्रमांक तसाच ठेवून कंपनी बदलण्याची मुभा भारतात जानेवारी २०११पासून देशभर आहे. ईमेलला तशी नाही. युरोपात २०१८पासून आपली माहिती यंत्राला वाचता येईल अशा रूपात मागण्याचा हक्क आहे. आपल्याकडे माहिती-संरक्षणाच्या कायद्यासाठी नेमलेल्या श्रीकृष्ण समितीच्या २०१८च्या मसुद्यात आणि २०१९च्या विधेयकात तो होता, २०२३च्या कायद्यात तो उरला नाही. त्या कायद्याने मृत्यूनंतर आपले हक्क बजावण्यासाठी वारस नेमण्याची मुभा दिली, हे चांगलेच. पण मरणाऱ्याची पत्रे वाचता येतील अशा रूपात वारसाच्या हाती द्यावीत, असे त्यात कुठे म्हटलेले नाही. आपली माहिती मागण्याच्या हक्काचे ते गळलेले कलम परत आले पाहिजे, आणि त्याच्यासोबत पत्ता सोडलेल्या माणसाचे टपाल ठरावीक काळ नव्या पत्त्यावर पाठवण्याचे बंधनही कंपन्यांवर घातले पाहिजे.