सातचा पाढा, पुण्याचा स्पेक्ट्रम आणि नवा कोड एडिटर



लिहिलेले टिकते, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. वास्तविक पाहता लिहिलेले तेव्हाच टिकते, जेव्हा पुढच्या पिढीला ते उघडता येते, वाचता येते आणि चुकले असेल तर दुरुस्त करता येते. आपल्या भागातील जुन्या घराण्यांतून मोडी आणि फारसी कागद सापडतात. कागद शाबूत, शाई शाबूत. पण वाचणारा नाही. अशा वेळी ते कागद असून नसल्यासारखेच होत. नेमकी हीच गत १९८० नंतरच्या दशकात घरगुती संगणकांवर बेसिक भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमची झाली होती. ते लेखन पुन्हा उघडण्यासाठी आणि नव्याने लिहिण्यासाठी आज आधुनिक कोड एडिटर तयार केले जात आहेत. या प्रयत्नाचा इतिहास आपल्या पुणे जिल्ह्याशीही जोडलेला आहे, म्हणून तो येथे थोडक्यात मांडत आहे.

लेखन आणि आकडे या दोन्ही बाबतींत जुन्नरचा वारसा मोठा आहे. जुन्नरी कागद एके काळी नावाजलेला होता आणि तो तयार करणाऱ्या मुस्लिम कारागिरांना ‘कागदी’ म्हणत. त्याहूनही जुनी साक्ष नाणेघाटात आहे. तेथील लेण्यात सातवाहनकालीन ब्राह्मी लेख असून यज्ञप्रसंगी दान दिलेल्या गायी, घोडे आणि कार्षापण नाण्यांचे आकडे त्यात कोरले आहेत. भारतातील सर्वांत जुन्या अंकचिन्हांत त्यांची गणना होते. त्या पद्धतीत शून्य नव्हते. दहा, शंभर आणि हजार यांना स्वतंत्र खुणा होत्या. पुढे शून्यासह दशमान पद्धत भारतात विकसित झाली आणि नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिझ्मी या विद्वानाने भारतीय अंकांवर ग्रंथ लिहिला. त्याच्याच नावावरून ‘अल्गोरिदम’ हा शब्द आला. अल्गोरिदम म्हणजे एखादे काम पायरीपायरीने करण्याची रीत. संगणकाचा प्रोग्रॅम म्हणजे अशीच यंत्राला समजेल अशा भाषेत लिहिलेली रीत होय.

अशी भाषा सामान्य विद्यार्थ्याला शिकता यावी म्हणून अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या दोन गणिताच्या प्राध्यापकांनी बेसिक तयार केली. तिचा पहिला प्रोग्रॅम १ मे १९६४ रोजी चालला. संगणक ही केवळ शास्त्रज्ञांची मिरासदारी राहू नये, कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही तो वापरता यावा, हा त्यांचा हेतू होता. प्रत्येक ओळीला क्रमांक आणि आज्ञांसाठी साधे इंग्रजी शब्द, असे तिचे स्वरूप होते. पुढे घरगुती संगणक निघाले तेव्हा बहुतेकांनी हीच भाषा उचलली.

इंग्लंडमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने २३ एप्रिल १९८२ रोजी झेडएक्स स्पेक्ट्रम हा छोटा संगणक जाहीर केला. घरचा दूरदर्शन संच हाच त्याचा पडदा आणि साधा टेपरेकॉर्डर हीच त्याची वही. मोठ्या नमुन्यात ४८ किलोबाइट स्मृती होती. आजच्या मोबाइलमधील एक छायाचित्रही तीत मावणार नाही. १९८४ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती, स्पेक्ट्रम प्लस, आली. पुढे पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने रीतसर परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने ती भारतात आणली. याच सुमारास, १९८४-८५ मध्ये, केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाचा शालेय संगणक प्रकल्प सुरू केला आणि प्रारंभी सुमारे २५० शाळांना इंग्लंडमधील एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. त्यांचीही भाषा बेसिकच होती. म्हणजे जुन्नरपासून सुमारे ९० किलोमीटरवरच्या पुण्याचे नाव या लहान यंत्राच्या इतिहासात आहे. तरीही आपल्यापैकी बहुतेकांना तेव्हा त्याला हात लावायला मिळाला नाही. अंतर रस्त्याचे नव्हते. संधीचे आणि माहितीचे होते.

आता या यंत्रावर लिहीत कसे, ते पाहू. सातचा पाढा छापायचा तर तीन ओळी पुरत:

१० फॉर एन = १ टू १०
२० प्रिंट ७ * एन
३० नेक्स्ट एन

मात्र स्पेक्ट्रमवर ‘प्रिंट’ हा शब्द अक्षरे जुळवून लिहिता येत नसे. ओळीच्या आरंभी ‘पी’ची कळ दाबली की अख्खा शब्द उमटे; ‘एफ’ दाबले की ‘फॉर’, ‘एन’ दाबले की ‘नेक्स्ट’. एकेका कळीवर पाच-सहा अर्थ कोरलेले असत. पडद्यावर एका ओळीत फक्त ३२ अक्षरे मावत. मधली ओळ चुकली तर ती पडद्याच्या तळाशी बोलावून, बाणाने एकेक अक्षर सरकत जाऊन दुरुस्त करावी लागे. १० आणि २० यांच्यामध्ये नऊच क्रमांक मोकळे. ते संपले की पुढील ओळी नव्या क्रमांकाने पुन्हा लिहिण्यावाचून गत्यंतर नसे, कारण आपोआप क्रमांक बदलणारी आज्ञा ४८ किलोबाइटच्या स्पेक्ट्रममध्ये नव्हती. लेखन टेपवर साठवायचे आणि परत घेताना काही मिनिटे कर्कश आवाज ऐकत बसायचे. अखेरीस ‘टेप लोडिंग एरर’ असा संदेश आला की साऱ्यावर पाणी!

यंत्राच्या पोटात हे लेखन कसे साठत असे, हे कळल्याशिवाय नव्या एडिटरचे काम कळणार नाही. स्पेक्ट्रममध्ये ‘प्रिंट’ हा पाच अक्षरी इंग्रजी शब्द २४५ या एकाच सांकेतिक आकड्याने साठे. नाणेघाटात शंभरासाठी एकच खूण असावी, तसेच हे. उलट, संख्या मात्र ऐसपैस जागा घेत. वरच्या दुसऱ्या ओळीत ७ हा अंक दिसायला एक असला तरी त्याच्या मागे एक इशाऱ्याचा आकडा आणि त्या संख्येचे पाच बाइटचे गुप्त रूप दडलेले असे. म्हणजे ७ या एका अंकाला ७ बाइट लागत! म्हणून जागा वाचवण्यासाठी काटकसरी लोक सरळ संख्या न लिहिता ती देणारी आडवळणाची सूत्रे लिहीत.

सारांश, टेपवरचा मजकूर ही एक प्रकारची मोडी लिपी आहे आणि आपण पडद्यावर वाचतो ते बाळबोध रूप. आधुनिक कोड एडिटर हा या दोन लिपींमधला जाणकार कारकून होय. विद्यार्थी आजच्या संगणकावर, मोठ्या पडद्यावर, साध्या अक्षरांत प्रोग्रॅम लिहितो. एडिटर आज्ञा, संख्या आणि शेरे वेगवेगळ्या रंगांत दाखवतो, चूक झाली तर तेथेच खूण करतो, ओळींना क्रमांक देतो आणि शेवटी सारा मजकूर जुन्या सांकेतिक रूपात बदलून टेपच्या फाइलमध्ये ठेवतो. ती फाइल जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, म्हणजे इम्युलेटरवर, चालवता येते. तिचा आवाज करून तो खऱ्या स्पेक्ट्रमलाही ऐकवता येतो.

हे काम कोणा एका बड्या कंपनीने केलेले नाही. १९८६ मध्ये सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय ॲमस्ट्रॅड कंपनीकडे गेला होता. १९९९ मध्ये तिने स्पेक्ट्रमचा अंगभूत प्रोग्रॅम इम्युलेटरसोबत देण्यास मुभा दिली आणि हौशी मंडळींचा मार्ग मोकळा झाला. रसेल मार्क्स यांच्या ‘झेडमेकबास’मुळे साध्या मजकुरातून टेपची फाइल बनू लागली, त्यात क्रमांकांऐवजी नावाने ओळ दाखवण्याची सोय होती. पॉल डन यांच्या ‘बेसिन’ने लिहिणे, तपासणे आणि चालवणे एकाच खिडकीत आणले. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा मोफत एडिटर काढल्यावर त्याला जोडता येतील असे बेसिकचे पूरक भागही अनेकांनी लिहिले.

मात्र हे काम वाटते तितके सोपे नाही. अवतरणचिन्हांत ‘प्रिंट’ हा शब्द आला तर ती आज्ञा नव्हे, साधा मजकूर; एडिटरला हा भेद कळला पाहिजे. शिवाय बेसिकच्या बोली अनेक. २४१ हा सांकेतिक आकडा स्पेक्ट्रमवर ‘लेट’ या आज्ञेचा, तर बीबीसी मायक्रोवर तोच ‘प्रिंट’चा. कोणत्या यंत्राचा कागद आहे हे न पाहता वाचला तर अर्थाचा अनर्थ होईल. आणखी एक पेच असा की, स्पेक्ट्रमवर ‘गो टू १००’ असे लिहिता येई तसे ‘गो टू १०० गुणिले एन’ असेही लिहिता येई. क्रमांक बदलताना पहिली ओळ एडिटर आपोआप सुधारू शकतो. दुसरीत कोठे जायचे हे प्रोग्रॅम चालल्याशिवाय ठरतच नाही. तेथे चांगला एडिटर मुकाट्याने बदल करीत नाही. तो लिहिणाऱ्याला सावध करतो. जे आपणांस नक्की ठाऊक नाही तेथे थांबून विचारावे, हा विद्येचा मोठा नियम येथे यंत्राला शिकवावा लागतो.

भाषेचा प्रश्नही याच इतिहासात दडलेला आहे. स्पेक्ट्रमला इंग्रजी अक्षरेच येत. मराठी किंवा उर्दू अक्षर हवे असेल तर आठ बाय आठ, म्हणजे ६४ ठिपक्यांच्या चौकटीत ते स्वतः आखावे लागे. प्रत्येक रांगेचा एक आकडा, असे आठ आकडे यंत्राला द्यावे लागत. अशा आखीव अक्षरांना जागा होती अवघ्या २१. आपल्या बाराखडीला ती कशी पुरणार? पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेने ‘जिस्ट’ तंत्राद्वारे संगणकावर भारतीय लिपींची सोय केली आणि युनिकोडमुळे जगातील लिप्यांना एकच सांकेतिक पद्धत मिळाली. आजच्या एडिटरमध्ये विद्यार्थी आपले शेरे मराठीत वा उर्दूत लिहू शकतो. ते चौकटीतले अक्षर आखण्याचे कामही एडिटरला देता येते: ठिपक्यांवर बोट ठेवावे आणि आठ आकडे तयार मिळावेत.

कोणी विचारील, आज इतकी प्रगत यंत्रे असताना या जुन्या बेसिकचा खटाटोप कशासाठी? उत्तर असे की, लहान यंत्र पूर्णपणे समजू शकते. मोबाइल आपल्या मुलांच्या हाती आहे. पण तो त्यांना वापरणारा बनवतो, लिहिणारा नव्हे. सातचा पाढा छापणाऱ्या तीन ओळी कोठे साठल्या, ७ ला सात बाइट का लागले, हे ज्या मुलाला एकदा उमगले त्याला पुढचे कोणतेही यंत्र जादूचे वाटत नाही. आणि जो मुलगा वा मुलगी अशा भाषेसाठी छोटासा एडिटर लिहून पाहील, तिला व्याकरण, गणित आणि इतिहास हे तिन्ही विषय एकाच कामात भेटतील. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. शाळेतील साधा संगणक आणि मोफत मिळणारी साधने पुरतात.

पालकांना एक विनंती. आपल्या किंवा नातेवाइकांच्या घरी त्या काळच्या संगणकाच्या टेप, हाताने लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या वह्या अथवा छापील पुस्तिका असतील तर त्या रद्दीत घालू नका. बुरशी आलेल्या टेपवरून पुसला गेलेला मजकूर कोणताही एडिटर परत आणू शकत नाही. वहीतला मजकूर मात्र आजही जसाच्या तसा टंकता आणि चालवता येतो. टेप ओलीपासून आणि चुंबकापासून दूर ठेवा आणि एखाद्या जाणत्या विद्यार्थ्याकडून तिचा आवाज संगणकात उतरवून घ्या.

आपल्याच जुन्नर तालुक्यात खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे. आकाशातून आलेले संकेत तेथेही अखेर कोणीतरी लिहिलेल्या प्रोग्रॅमनेच वाचले जातात. दरवर्षी विज्ञान दिनाच्या सुमारास तेथे भरणारे प्रदर्शन पाहून आपली मुले थक्क होऊन परततात. थक्क होणे चांगलेच. पण त्यावर थांबू नये. दोन हजार वर्षांपूर्वी ज्या परिसरात दगडावर आकडे कोरले गेले, ज्या गावाने लिहिण्यासाठी कागद पुरवला, त्या परिसरातील मुलामुलींनी यंत्राला चार ओळी स्वतःच्या हाताने लिहून द्याव्यात. आरंभ सातच्या पाढ्यापासून केला तरी चालेल.