खोगिराचे चामडे आणि कानपूरची बाभूळ

मराठी माणसाला कानपूर ठाऊक असते ते नानासाहेब पेशव्यांमुळे. ब्रह्मावर्ताचा वाडा, १८५७ चा जून, जनरल व्हीलरच्या छावणीला पडलेला वेढा हे सगळे आपण शाळेपासून ऐकत आलो. त्या गावाने पुढे काय केले, याची मात्र आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही. कानपूरने घोड्यांचे सामान बनवले. आजही जगभरच्या अश्वशाळांमध्ये कानपूरचे खोगीर आणि लगाम वापरात आहेत, आणि त्याची मुळे त्या बंडानंतरच्या दहा वर्षांत आहेत.

बंड मोडून काढताना इंग्रजांना एक गोष्ट कळून चुकली होती. तोफा ओढायला घोडे लागतात आणि घोडे जुंपायला चामडे लागते. ते इंग्लंडहून मागवायचे तर महिनोन् महिने वाट पाहायची, खर्च सोसायचा आणि पावसाळी हवेत बुरशी धरलेला माल उतरवून घ्यायचा. १८५९ साली अलाहाबादहून रेल्वे कानपूरला पोचली, छावणी वाढली, आणि १८६० च्या दशकात बंगाल तोफखान्यातले अधिकारी जॉन स्ट्यूअर्ट यांच्या पुढाकाराने तिथे सरकारी खोगीर कारखाना नावारूपाला आला. १८८० च्या सुमारास कूपर-अ‍ॅलन कंपनी आली आणि लष्करी बुटांचा प्रचंड व्यवसाय उभा राहिला.

पण गिऱ्हाईक आले म्हणून धंदा रुजतोच असे नाही. कानपूरला तीन गोष्टी हाताशी होत्या. गंगा-यमुनेच्या दुआबातली गुरे, पिढ्यान् पिढ्या कातडी कमावणारी माणसे, आणि बाभूळ. दुआबातल्या घळींमध्ये बाभूळ आपसूक माजते. इटावा जिल्ह्यात तर १८८० च्या दशकात फिशर नावाच्या कलेक्टराने उजाड घळींत मुद्दाम तिची लागवड करवली. तिच्या सालीने कमावलेले चामडे घट्ट, जड आणि चिवट होते. रंग गडद येतो आणि हाताला थोडा खरखरीतपणा राहतो, म्हणून जोडीला हिरडा घालायचा. इथे आपला धागा जुळतो. हिरड्याच्या जागतिक व्यापारात मालाच्या प्रती ज्या गावांच्या नावांनी ओळखल्या जात, त्यांत जबलपूर आणि बिमलीपट्टणबरोबर वेंगुर्ले होते. कोकणच्या बंदरातून गेलेला हिरडा युरोपातल्या चर्मालयांत ओळखीचा होता.

खोगिराच्या चामड्याची पारख मात्र सालीच्याही आधी, जनावराच्या अंगावरच सुरू होते. पूर्ण कातडे जमिनीवर पसरले की त्याचे सरळ तीन भाग दिसतात. कण्याच्या दोन्ही बाजूंची पाठ आणि पुठ्ठा, पुढचा खांदा, कडेचे पोट. पाठीच्या भागात तंतू एकमेकांत घट्ट विणलेले असतात. पोटाकडे ते सैल पडतात, कारण जनावर खाऊन-पिऊन फुगते आणि ओसरते, तसे तिथले कातडे आयुष्यभर ताणले जाते. म्हणून रिकिबीचा पट्टा कापायचा तो पाठीतूनच, आणि तोही कण्याला समांतर. आडवा कापलेला पट्टा पहिल्याच महिन्यात लांबतो. चांगला कापला तरी डावा पट्टा उजव्यापेक्षा लवकर लांबतो, कारण स्वार नेहमी डाव्या बाजूने चढतो. जाणते मोतद्दार म्हणून दोन्ही पट्टे अधूनमधून अदलाबदल करतात. पोटाचे चामडे खोगिरात भार पेलणाऱ्या जागी कधीच जाऊ नये. तंग तुटला तर माणूस घोड्याखाली जातो, इतका हा जिवाचा मामला आहे.

म्हशीचे कातडे जाड असते, पण आतून भरड आणि थोडे पोकळ. कोल्हापुरी चपलेच्या तळाला ते उत्तम, लगामाला नाही. लगामाला आणि रिकिबीला गाय-बैलाचे कातडे हवे. त्यातही दोष हेरावे लागतात. मानेवर जुवाचे घट्टे, गोचिडांची टोचलेली नक्षी, काट्यांचे ओरखडे. हिंदुस्थानातला सर्वांत मोठा शाप म्हणजे डागण्या. जनावर आजारी पडले की वैदू तापल्या लोखंडाने डागायचा, आणि पुठ्ठ्यावर डागले की कातड्याचा सर्वांत मोलाचा भागच कायमचा बाद. सोलणाऱ्याची सुरी घसरली तर मांसाकडच्या बाजूला खाच पडते आणि ती पुढे ओढ बसली की फाटते. मेलेल्या जनावराचे कातडे उशिरा सोलले असेल तर केस चिमटीत धरून ओढताच निघून येतात. मीठ लावायच्या आधीच सड सुरू झाल्याची ती खूण.

कमावून झाल्यावर परीक्षा पुन्हा. खोगीर करणारा कारागीर चामड्याची कड रापीने तिरपी छाटतो आणि उजेडात धरतो. कापलेल्या तोंडावर वरपासून खालपर्यंत एकच रंग हवा. मध्ये फिकट रेघ दिसली तर साल आतपर्यंत मुरलेली नाही, कातडे गाभ्यात कच्चे आहे. शंका आली की त्या कडेवर आम्लाचा थेंब टाकायचा. कच्चा भाग फुगून काचेसारखा पारदर्शक होतो. मग चामडे दाणा, म्हणजे केसांकडची बाजू, आत ठेवून दुमडायचे. सुरकुत्या बारीक आणि सारख्या उमटल्या, हात सोडताच मावळल्या, तर माल खरा. वरचा थर सुटून फुगवटे धरले तर तो पोटाकडचा, कितीही चकाकी दिलेली असो. चामडे वजनावर विकले जाई तेव्हा त्यात ग्लुकोज आणि क्षार भरून वजन वाढवण्याची लबाडी जगभर चालत असे. असला तुकडा पाण्यात भिजवून वाळवला की हलका पडतो आणि चोरी उघडी होते.

चुकीच्या सालीची किंमत किती मोठी असते, याचे उदाहरण घोड्यांकडे नाही, पुस्तकांकडे आहे. लंडनच्या ग्रंथालयांत चामडी बांधणीची पुस्तके भुगा होऊन गळू लागली, तेव्हा सोसायटी ऑफ आर्ट्‌सने समिती नेमली. तिच्या १९०१ च्या अहवालाने कमावण्याच्या आणि रंगवण्याच्या नव्या पद्धतींतल्या आम्लाला दोष दिलाच, पण काही साली पुस्तकबांधणीला अपात्र ठरवल्या. त्यांत आपल्या माळरानावर पिवळी फुलणारी तरवड होती. मद्रासकडचे चर्मकार तिच्याच सालीने शेळ्या-मेंढ्यांची नाजूक कातडी कमावत. सुंदर, मऊ, फिकट चामडे, पण प्रकाशात लाल पडणारे आणि काही दशकांत ढासळणारे. बुटाच्या वरच्या भागाला चालेल, शंभर वर्षे टिकायच्या ग्रंथाला नाही.

तोवर सालीऐवजी क्रोमच्या क्षारांनी कमावणे येऊन ठेपले होते. न्यू यॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झ यांनी १८८४ साली त्याचे पेटंट घेतले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासेत ते रुजवले. सालीला जे महिने लागत ते काम दिवसांवर आले. क्रोमचे चामडे मऊ असते, पाण्याला आणि उकळीलाही पुरून उरते. पण ते ताणते, कड घासून गुळगुळीत होत नाही, ओले करून नक्षी ठोकली तर ती धरत नाही. म्हणून आजही खोगीर, पट्टे आणि नक्षीकाम करणारे सालीच्याच चामड्याच्या शोधात असतात. कानपूरच्या जाजमऊ भागात मात्र क्रोमच वाढले, आणि गंगेचे पाणी इतके नासले की १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाला चर्मालयांवर बंदीचा बडगा उगारावा लागला.

या साऱ्या इतिहासात कंपन्यांची आणि कर्नलांची नावे ठळक आहेत. सालीचा उग्र वास आणि चुन्याचे हौद ज्यांनी अंगावर घेतले, ज्यांच्या बोटांना पाठ आणि पोट अंधारातही वेगळे कळत होते, त्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले. कानपुरात १९२० च्या दशकात स्वामी अछूतानंदांची आदि हिंदू चळवळ फोफावली, त्यात चामड्याच्या कामावर जगणारी माणसे होती. महाराष्ट्रातही ढोर आणि चांभार समाजांनी कातड्याची पिशवी शिवून, तीत बाभळीच्या सालीचे पाणी भरून, टांगून कमावण्याची रीत टिकवली. कोल्हापुरी चपलेचा टणकपणा त्या पिशवीतून येतो. ही विद्या होती, आणि तिला विद्या म्हणायला आपण फार उशीर केला.

कानपूरच्या खोगिराला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. कोल्हापुरी चपलेला ते २०१९ साली मिळाले, महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकच्या चार जिल्ह्यांसाठी. जुना सरकारी खोगीर कारखाना २०२१ पासून ट्रूप कम्फर्ट्‌स या सरकारी कंपनीखाली चालतो. चपला किंवा पट्टा घ्यायला जाल तेव्हा वरची चकाकी पाहू नका. कापलेली कड पाहा, एकदा दुमडून पाहा, आणि चामडे कोणत्या सालीचे हे विचारा. जो कारागीर न अडखळता सांगेल, त्याच्याशी भावाची घासाघीस करू नका.